फळातला चोथा आणि रक्तातले शिसे

रशियातल्या कामगार नियमांत एक कलम आहे. ते वाचताना हा आरोग्य खात्याचा कागद आहे की मिठाईवाल्याची यादी, असा क्षणभर प्रश्न पडतो. शिशासारख्या धातूंच्या संयुगांशी ज्याचा रोज संबंध येतो त्या कामगाराला दुधाच्या जोडीला २ ग्रॅम पेक्टिन द्यावे, असे ते कलम सांगते. हे पेक्टिन जेली, जॅम, मुरंबा किंवा एखादे पेय यांतून दिले तरी चालते. त्यातले काहीच नसेल तर गरासकट काढलेला फळांचा रस ३०० मिलिलिटर द्यायचा. शिशाच्या कामगाराला पेक्टिन देण्याची ही रीत सोव्हिएत काळापासूनची. यातला सर्वांत लक्षात राहण्याजोगा तपशील मात्र वेळेचा आहे: हे सगळे पाळी सुरू होण्याआधी पोटात गेले पाहिजे. जेवणाच्या सुट्टीत नाही, घरी जाताना नाही, कामाला हात लावण्याआधी. आपल्याकडेही धुळीत काम करणाऱ्याने गुळाचा खडा खावा असे जुनी माणसे सांगतात, पण त्या सल्ल्यामागे कुठले मोजमाप नाही. इथे ग्रॅम ठरलेले आहेत आणि वेळही. फळातला चोथा शिशाच्या विषापासून माणसाला वाचवतो, हा दावा आज ‘डिटॉक्स’च्या डब्यांवर छापून विकला जातो. तो खरा किती आणि फुगवलेला किती, हे तपासायचे तर सुरुवात त्या डब्यापासून न करता या कलमापासून करणे बरे. माझ्या मते फळ थोडेफार वाचवते, पण त्याचे श्रेय ज्या गोष्टीला दिले जाते तिचा वाटा त्यात बहुधा सर्वांत लहान आहे.

आधी शिसे शरीरात शिरते कसे ते पाहू. शिसे म्हटले की आपल्याला शिसपेन्सिल आठवते, आणि तिच्यात तर शिसे नसतेच, ग्रॅफाइट असते. खरे शिसे असते जुन्या घरांच्या रंगाच्या पापुद्र्यात, बॅटऱ्या फोडून वितळवणाऱ्या भट्ट्यांच्या राखेत, काही सुरम्यांत, भेसळीच्या कल्हईत आणि मारुतीच्या अंगावरच्या अस्सल शेंदरात, कारण पारंपरिक शेंदूर हे शिशाचेच ऑक्साइड आहे. या सगळ्याची धूळ जमिनीवर बसते, तिथून रांगणाऱ्या मुलाच्या हाताला आणि हातावरून तोंडात जाते. जठरातल्या आम्लात ते शिसे विरघळते. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात पोहोचल्यावर ते एक सोंग घेते. लोह आणि कॅल्शियम रक्तात घेण्यासाठी आतड्याच्या पेशींवर जी दारे असतात, त्या दारांना शिशाचा दोन धनभारांचा आयन आपल्यातलाच वाटतो. प्रौढ माणूस जेवणासोबत पोटात गेलेल्या शिशापैकी शेकड्याला पाच-दहा भागच रक्तात घेतो. लहान मूल मात्र चाळीस ते पन्नास भाग घेते, कारण त्याचे शरीर वाढीला लागलेले असते आणि लोहा-कॅल्शियमसाठी ही दारे सताड उघडी असतात. रक्तात आलेले शिसे महिनाभरात निम्मे होते. पण ते सगळे काही बाहेर जात नाही. बरेचसे हाडांत जाऊन बसते आणि तिथे दशकानुदशके राहते. गरोदरपणात आईच्या हाडांतून कॅल्शियम निघते तेव्हा तिच्या बालपणी साठलेले शिसेही त्याबरोबर बाहेर पडते आणि वारेतून गर्भापर्यंत जाते. म्हणजे ज्या दाराने ते पहिल्यांदा आत आले त्या दाराशीच त्याला गाठता आले तर पुढची बरीच रामकथा टळते. आतड्यातल्या प्रतिबंधाला महत्त्व आहे ते यामुळे.

आता पेक्टिन. पेरूची जेली करताना पेरू शिजवून पाणी गाळून घेतात, त्यात साखर आणि लिंबू घालून आटवतात, आणि थंड झाल्यावर ते पाणी थरथरत घट्ट होते. कवठाचा गरही असाच आळतो. हा घट्टपणा देणारा धागा म्हणजे पेक्टिन, वनस्पतींच्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारे खळ. १८२५ साली आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्याला हे नाव दिले, गोठणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. पिकत जाताना फळ मऊ पडते तेव्हा हेच खळ सुटत असते, म्हणून जेलीला जरा कच्चट फळ लागते. संत्र्या-मोसंबीच्या सालीच्या आतला पांढरा थर, जो आपण नखाने सोलून टाकतो, तो या खळाचा मोठा साठा आहे. वाळलेल्या सालीत वजनाच्या वीस ते तीस टक्के पेक्टिन निघते, आणि कारखान्यांतले बहुतेक पेक्टिन या सालींपासून किंवा सफरचंदाचा रस काढून उरलेल्या चोथ्यापासून होते. त्याची रेणूसाखळी एका विशिष्ट आम्लाच्या कड्यांची असते. या कड्यांपैकी काहींचे आम्लटोक मोकळे असते, काहींचे मिथाइलने झाकलेले. मोकळ्या टोकांवर ऋणभार येतो आणि दोन धनभारांचा आयन दिसला की दोन शेजारच्या साखळ्या त्याला मधोमध धरतात. १९७३ साली शास्त्रज्ञांनी या रचनेला अंड्यांच्या ट्रेची उपमा दिली: खाचाखाचांचा ट्रे आणि प्रत्येक खाचेत बसलेले एक अंडे. ती उपमा कॅल्शियमसाठी होती. शिसे त्याच खाचेत कॅल्शियमपेक्षाही घट्ट बसते.

कागदावर हे फार सुबक जमते. जठराच्या तीव्र आम्लात पेक्टिनची टोके भारहीन असतात, त्यामुळे तिथे पकड ढिली. पण अन्न लहान आतड्यात उतरले, आम्लता कमी झाली की टोके ऋणभारित होतात आणि पकड बसते. म्हणजे शिसे जिथे दारावर थाप मारणार त्याच ठिकाणी पेक्टिन जागे होते. माणसाचे पाचकरस पेक्टिन तोडू शकत नाहीत, म्हणून पकडलेले शिसे घेऊन ते पुढे मोठ्या आतड्यात सरकते आणि तिथे जीवाणूंनी ते फोडले तरी शिसे शोषून घेण्याची मुख्य जागा केव्हाच मागे पडलेली असते. शिवाय यकृत काही शिसे पित्तातून आतड्यात टाकत असते. ते पुन्हा शोषले जाण्याआधी चोथ्याने धरले तर शरीरातला साठाही तेवढा कमी होईल. परीक्षानळीत पेक्टिनच्या द्रावणात शिशाचे क्षार टाकले तर ते खरोखर धरले जातात, यात वाद नाही. वाद आहे तो परीक्षानळी आणि मुलाचे पोट यांच्यामधल्या अंतराचा.

या अंतरावर पूल बांधणारा पुरावा म्हणून जो अभ्यास सर्वाधिक पुढे केला जातो तो २००८ साली प्रसिद्ध झाला. चीनमधल्या एका रुग्णालयात दाखल असलेल्या, रक्तात दर डेसिलिटरला २० मायक्रोग्रॅमहून जास्त शिसे असलेल्या मुलांना लिंबूवर्गीय फळांपासून केलेले सुधारित पेक्टिन रोज १५ ग्रॅम, तीन वेळा विभागून दिले. रक्तातले शिसे उतरले, लघवीतले वाढले. निष्कर्ष उत्साहाने मांडला गेला आणि त्यावर विक्रीची पत्रके छापली गेली. पण मुले होती फक्त सात. पेक्टिन न दिलेल्या मुलांचा तुलनेचा गट नव्हता. आणि रुग्णालयात दाखल झालेले मूल आपल्या घरातल्या, गल्लीतल्या शिशापासून आपोआपच दूर गेलेले असते, त्यामुळे त्याच्या रक्तातले शिसे काहीही न देता उतरू लागते. सात मुलांच्या रक्तातली किती घट पेक्टिनची आणि किती फक्त बिछाना बदलल्याची, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही. आणखी एक बारकावा दुर्लक्षित राहतो. सुधारित पेक्टिन म्हणजे साखळ्या तोडून लहान केलेले, रक्तात शोषले जावे म्हणून मुद्दाम बदललेले पेक्टिन. फळातले अख्खे पेक्टिन तसे नसते. ते आतड्यातच राहते. त्यामुळे त्या प्रयोगातून काही सिद्ध झाले असे धरले तरी ते पेरूच्या फोडीबद्दल सिद्ध होत नाही. चेर्नोबिलनंतर बेलारूसमध्ये मुलांना सफरचंदाचे पेक्टिन देऊन त्यांच्या शरीरातले किरणोत्सारी सीझियम कमी करण्याचा जो उपक्रम चालला, त्याचाही हवाला इथे दिला जातो. तो हवाला तर रसायनशास्त्रातच अडखळतो, कारण सीझियमवर एकच धनभार असतो आणि अंड्याच्या ट्रेची खाच दोन भारांच्या आयनासाठी आहे.

याहून मोठा आक्षेप मात्र प्रयोगशाळेतून आला नाही, किराणा दुकानातून आला. २०२३ च्या शरद ऋतूत अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात काही लहान मुलांच्या रक्तात शिसे वाढलेले आढळले. शोध घेता घेता तपासनीस एका खाऊपर्यंत पोहोचले: दालचिनी घातलेला सफरचंदाचा शिजवलेला गर, पिशवीला तोंड लावून चोखायचा. गर इक्वेडोरमध्ये भरला गेला होता आणि त्यातल्या दालचिनीत लेड क्रोमेट होते, दालचिनीचा रंग आणि वजन वाढवणारी भेसळ. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तपासलेल्या दालचिनीत दर दहा लाख भागांत २,००० ते ५,००० भाग शिसे निघाले, आणि तयार गराच्या एका नमुन्यात २.१८ भाग. अमेरिकेतल्या ५०० हून अधिक जणांच्या, मुख्यत्वे मुलांच्या, विषबाधेची नोंद झाली. आता या खाऊकडे आपल्या प्रश्नाच्या बाजूने पाहा. पेक्टिनसाठी सफरचंदाहून नामांकित फळ नाही, आणि शिसे इथे त्या पेक्टिनच्या कुशीतच बसलेले होते. फळाचा चोथा जर विषावरचा उतारा असता तर तो इथे चालायला हवा होता.

थोडे गणित केले तर हे अपयश जास्तच खटकते. ७० ग्रॅमच्या पिशवीत वरच्या प्रमाणाने सुमारे १५० मायक्रोग्रॅम शिसे होते. तेवढ्या गरात पेक्टिन असेल अर्धा ग्रॅम. त्यातली बहुतेक टोके झाकलेली धरली तरी मोकळ्या टोकांची संख्या शिशाच्या अणूंच्या जवळपास हजारपट भरते. जागा मुबलक होत्या. मग शिसे निसटले कसे? एक तर जागा मुबलक असल्या तरी गिऱ्हाईकेही मुबलक असतात. एक पेला दुधात सुमारे ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे त्या पिशवीतल्या शिशाच्या प्रत्येक अणूमागे कॅल्शियमचे दहा हजार अणू. शिशाची पकड जास्त घट्ट असली तरी एवढ्या गर्दीत त्याचा नंबर लागायला वेळ जातो. दुसरे म्हणजे ही पकड सुटू शकणारी असते. धरणे आणि सोडणे सतत चालू असते, आणि आतड्याची पेशी सुटलेला आयन उचलून नेते तेव्हा तो परत येत नाही. पेक्टिन हे कुलूप नाही, गर्दीतला रखवालदार आहे. तो अडवतो, पण सगळ्यांना नाही आणि कायमचे नाही. अर्थात त्या मुलांनी तेच शिसे साध्या पाण्यातून घेतले असते तर त्यांच्या रक्तातले आकडे आणखी चढले असते, असा युक्तिवाद करता येतो आणि तो बहुधा खराही असेल. पण त्यातून सिद्ध होते ते एवढेच की फळ असूनही मुले विषबाधित झाली.

इथे थांबले तर फळाची बाजू पडली असे म्हणावे लागेल. मला तसे वाटत नाही, आणि का ते पाहण्यासाठी त्या रशियन कलमातल्या वेळेच्या अटीकडे परत जावे लागते. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्वेच्छेने पुढे आलेल्या प्रौढांना अगदी थोडे, खुणा केलेले शिसे दिले गेले, कधी उपाशीपोटी तर कधी जेवणाबरोबर, आणि शरीरात किती राहिले ते मोजले. उपाशीपोटी घेतलेल्या शिशापैकी सरासरी ६१ टक्के शरीरात राहिले. जेवणाबरोबर घेतलेल्यापैकी ४ टक्के. माणसे तशीच प्रौढ, शिसेही तेच, फरक फक्त पोट रिकामे की भरलेले याचा, आणि परिणाम पंधरापट. कुठल्याही चोथ्याच्या, कुठल्याही पावडरीच्या नावावर एवढा मोठा आकडा नाही. जेवणातले कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचा त्यात मोठा वाटा होता असे पुढे दिसले. चोथा, धान्यातले फायटेट आणि पोट सावकाश रिकामे होणे यांचाही हात असणार. सोव्हिएत तज्ज्ञांनी पेक्टिनच्या रसायनावर भरवसा ठेवून नियम केला असेल, पण पाळीआधी खाण्याच्या अटीमुळे कामगार निदान रिकाम्या पोटाने शिशाच्या धुळीत उभा राहत नव्हता. ती जेली पेक्टिन म्हणून किती उपयोगी पडली हे वेगळे काढणे अवघड आहे. न्याहारी म्हणून ती नक्कीच उपयोगी होती.

दुसरा धागा आपल्या देशातलाच आहे, आणि तो मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटतो. २००६ साली बंगळूरमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष आले. तिथल्या पाच ते नऊ वयाच्या, लोहाची कमतरता असलेल्या १३४ मुलांपैकी काहींना रोजच्या भातातून जादा लोह दिले गेले, काहींना साधाच भात. सोळा आठवड्यांनी लोह मिळालेल्या गटात, रक्तात दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसे असलेल्या मुलांचे प्रमाण ६५ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आले. शिसे पकडणारे काहीच दिले नव्हते. फक्त लोहाची भूक भागली आणि जी दारे सताड उघडी होती ती किलकिली झाली. आता हा निष्कर्ष महाराष्ट्रावर ठेवून पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाचे कारण दर वेळी लोहाची कमतरता नसते, पण बहुतेकदा असते. म्हणजे आपली बहुसंख्य मुले शिशासाठी दार उघडे टाकूनच अंगणात खेळतात. आणि पेरू, आवळा, संत्रे ही फळे इथे उपयोगी पडतात ती चोथ्यापेक्षा क जीवनसत्त्वामुळे. डाळ, भाजी, भाकरीतले लोह आतड्याला सहज उचलता येत नाही. क जीवनसत्त्व जोडीला असले की ते उचलले जाते. पेरूत संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असते. अमेरिकेतल्या हजारो लोकांच्या रक्ततपासणीवर बेतलेल्या, १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात ज्यांच्या रक्तात क जीवनसत्त्व जास्त त्यांच्या रक्तात शिसे वाढलेले असण्याचे प्रमाण कमी दिसले. ही माहिती निरीक्षणाची आहे, प्रयोगाची नाही, आणि जे घर रोज फळ आणू शकते ते घर बहुधा रंगाचे पापुद्रे निघालेल्या भिंतींचे नसते, ही शंका तिथे घ्यायलाच हवी. म्हणून मी तिच्यावर फार भार टाकत नाही. बंगळूरच्या प्रयोगावर टाकतो.

कुणी विचारील की चोथा जर शिसे धरतो तर लोह आणि जस्तही धरील, मग रक्तक्षयी मुलाला चोथा खायला घालणे म्हणजे आगीतून फुफाट्यात नव्हे का? आक्षेप रास्त आहे, पण चोथ्याला चोथा म्हणून चालत नाही. गव्हाच्या कोंड्यातले फायटेट लोह अडवते हे पक्के आहे. पेक्टिनबाबत मात्र माणसांवरच्या मोजमापांत लोहाच्या शोषणात तशी घट आढळली नाही. फळात तर पेक्टिनबरोबर क जीवनसत्त्वही येते, त्यामुळे लोहाच्या हिशेबात फळ नफ्यातच राहते. याउलट नुसत्या पेक्टिनची पूड रोज पंधरा ग्रॅम खाणे ही वेगळी गोष्ट. इतके पेक्टिन फळातून मिळवायचे तर दिवसाला दीड-दोन किलो फळ लागेल. त्या पुडीत जीवनसत्त्व नाही, न्याहारीचे वजन नाही, आणि लहान मुलाची भूक मारण्याची ताकद मात्र भरपूर आहे. पुडी विकणारा फळाच्या नावाने ती विकतो. गाळलेल्या रसाचेही तसेच. त्यातला चोथा गाळणीत राहतो, साखर पेल्यात उतरते. रशियन नियमात ‘गरासकट’ हा शब्द उगीच आलेला नाही. फळ धुऊन खाल्ले पाहिजे हे वेगळे सांगायला नको, कारण रस्त्याकडेच्या गाडीवरच्या पेरूच्या सालीवर रस्त्याचीच धूळ असते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे, आणि तो सार्वजनिक आरोग्याची माणसे घेतात. आहाराची चर्चा मुळात कशाला? शिसे ज्याने हवेत, रंगात, मसाल्यात सोडले त्याला सोडून आईने डब्यात काय घातले याची चौकशी करणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. या आक्षेपाशी मी जवळजवळ पूर्ण सहमत आहे. ज्या उपायांनी खरोखर आकडे खाली आले ते सगळे उगमावरचे आहेत. १ एप्रिल २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. मुंबईतल्या ७५४ मुलांच्या रक्ताची त्यानंतर दोन-तीन वर्षांनी तपासणी झाली तेव्हा एक तृतीयांश मुलांत शिसे १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त निघाले; त्याआधी देशातल्या मोठ्या शहरांत झालेल्या पाहणीत हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. एक तृतीयांश हा आकडाही भयंकरच, पण उतार कुठून झाला ते त्यावरून कळते. घरगुती रंगात दर दहा लाख भागांत ९० हून अधिक भाग शिसे नको, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. जुन्या भिंतींना मात्र नियम वाचता येत नाही. बांगलादेशात हळदीला पिवळेधमक करण्यासाठी लेड क्रोमेट घालत असत. २०१९ साली शास्त्रज्ञांनी गरोदर बायकांच्या रक्तातल्या शिशाचा माग थेट हळदीपर्यंत नेला, सरकारने बाजारात छापे घातले, दंड केले, जाहिराती केल्या. बाजारातल्या भेसळीच्या हळदीचे प्रमाण २०१९ मध्ये ४७ टक्के होते, ते २०२१ मध्ये शून्यावर आले आणि हळद दळणाऱ्या कामगारांच्या रक्तातले शिसेही उतरले. दोन वर्षांत. असा परिणाम कुठल्या बागेतल्या फळाच्या नावावर नाही.

शिसे एकदा रक्तात जाऊन आपले काम करून बसले की ते काढण्याचा औषधी मार्गही किती तोकडा पडतो, हे अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीने दाखवून दिले आहे. रक्तात २० ते ४४ मायक्रोग्रॅम शिसे असलेल्या ७८० लहान मुलांपैकी निम्म्यांना सक्सिमर हे शिसे धरून लघवीवाटे बाहेर काढणारे औषध दिले, निम्म्यांना खोटी गोळी. औषधाने रक्तातले शिसे उतरले. २००१ साली निकाल जाहीर झाले तेव्हा बुद्धीच्या चाचण्यांत दोन गटांत फरक नव्हता. मुले सात वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहिले, तेव्हाही नव्हता. जे औषध शिशाला पेक्टिनपेक्षा कितीतरी घट्ट धरते त्यानेही गेलेले परत आणले नाही. म्हणून फळाला ‘उपचार’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, आणि रक्तातले शिसे फार वाढलेल्या मुलाला दवाखान्याऐवजी पेक्टिनची पुडी देणाऱ्यांचा जास्त. नागभस्म म्हणजे शिशाचेच भस्म, हे ज्या समाजाच्या वैद्यकाला नावासकट ठाऊक आहे, त्या समाजात तर औषध म्हणून आलेली प्रत्येक पुडी आधी तपासूनच पाहायला हवी.

पण उगमावरचा उपाय आणि ताटातला उपाय यांत एकाची निवड करावी लागते हे मला पटत नाही. भट्टी बंद व्हायला, भिंत खरवडायला, नियमाला दात फुटायला वर्षे लागतात. तोवर मूल रोज सकाळी उठते आणि बाहेर खेळायला जाते. त्या मुलाच्या आतड्याची दारे त्या दिवशी किती उघडी असतील, एवढे मात्र घराच्या आणि शाळेच्या हातात असते. आपल्या शालेय पोषण आहाराची खिचडी दुपारी येते. सकाळी घरून काही न खाता किंवा नुसता चहा पिऊन आलेले मूल तोवरचे तास मैदानाच्या धुळीत काढते, आणि उपाशीपोटी शिशाचे काय होते ते १९८५ च्या प्रयोगाने सांगितले आहे. २०२३ साली महाराष्ट्राने आठवड्यातून एकदा अंडे आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा चर्चा अंडे योग्य की अयोग्य यावर रंगली. ते कितव्या तासाला मुलाच्या हातात पडावे यावर कुणी फारसे बोलले नाही. तमिळनाडूने १५ सप्टेंबर २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारी सुरू केली, ती मुले उपाशीपोटी वर्गात बसू नयेत म्हणून. रवा-शेवयांचा उपमा, पोंगल, खिचडी, सोबत सांबार असे तिचे साधे पदार्थ आहेत. त्या योजनेच्या कागदांत शिसे हा शब्द शोधूनही सापडणार नाही. पण पाळीआधी जेली खाणाऱ्या कामगाराला जी भरल्या पोटाची सोबत मिळत होती, ती तिथल्या सहा वर्षांच्या मुलाला पहिल्या तासाची घंटा होण्याआधी मिळते, आणि तिच्या जोडीला अर्धा पेरू द्यायला फारसा खर्च येत नाही.